मी देवमासा, पत्रिकेत मुंगूस

सांगलीहून साताऱ्याकडे जाणाऱ्या एसटीत होतो. पेठ नाक्याला गाडी थांबली, वडापाववाले खिडकीशी आले आणि तेवढ्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावसभावाची लिंक पडली. तुमच्यात कोणता जंगली प्राणी दडलाय? बारा प्रश्न, दोन मिनिटं. कराड यायला अजून वेळ होता. घेतली सोडवायला.

प्रश्न ओळखीचेच होते. गर्दीत तुम्ही मधोमध असता की कोपऱ्यात? मित्र भांडले तर मध्ये पडता की गप्प बसता? निर्णय घेताना डोकं वापरता की मन? शेवटी एक निळी चकती गरगर फिरली आणि उत्तर आलं. मी देवमासा. खाली लिहिलं होतं की मी खोल आहे, शांत आहे, कमी बोलतो पण बोललो की लांबवर ऐकू जातं, आणि माझ्या मनाचा तळ फार थोड्यांना लागतो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. स्क्रीनशॉटही काढला.

कराडला उतरेपर्यंत ग्रुपवर सोळा निकाल येऊन पडले होते. भाऊ लांडगा, वहिनी घुबड, आत्याचा मुलगा वाघ, दोघी चुलत बहिणी डॉल्फिन. आण्णांच्या फोनवरून कुणीतरी त्यांच्या नावाने सोडवली, ते गरुड निघाले. आण्णांना जमिनीवरचा चष्मा सापडत नाही, ते असो. पण आमच्या घराण्यात सोळा माणसं आणि त्यांत एकही गाढव नाही, इथे मला पहिली शंका आली.

ती शंका मी तिथेच सोडलीही असती. पण दोन वर्षांपूर्वी याच दोन जिल्ह्यांच्या सीमेवर एका वेगळ्या कागदाने मला वेगळा प्राणी ठरवलं होतं, आणि त्या निकालाचा स्क्रीनशॉट कुणी काढला नव्हता. ते पुढे सांगतो. आधी देवमाशाचं बघू.

या चाचण्यांना आपण टाइमपास म्हणून सोडून देतो. मला त्या एक साहित्यप्रकार म्हणून वाचाव्याशा वाटतात, कारण आपल्या पिढीने कवितेपेक्षा हा मजकूर नक्कीच जास्त वाचलाय. त्याचा साचा ठरलेला असतो. आधी स्तुती. मग एक छोटासा दोष, जो खरं तर स्तुतीच असतो: तुम्ही इतरांसाठी जरा जास्तच करता. मग शेअरचं बटण. वाचणाऱ्याला वाटतं, अरे, हे तर माझंच वर्णन. बर्ट्राम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1948 साली आपल्या 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं व्यक्तिमत्त्व' म्हणून एक कागद दिला. हे वर्णन किती जुळतं याला पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी 4.26 आली. मग त्याने सांगितलं की सगळ्यांना एकच कागद दिलाय, आणि त्यातली वाक्यं बाजारातल्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेली आहेत.

प्राणी यात नंतर आले. मूळ माल युंगचा. 1921 साली त्याने माणसांच्या मानसिक प्रकारांवर पुस्तक लिहिलं. अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी त्यावरून सोळा खणांची पेटी तयार केली. प्रत्येक खणाला चार इंग्रजी अक्षरं. पण चार अक्षरं कुणाच्या लक्षात राहणार? तिथे प्राणी चिकटवले की निकाल चेहऱ्यासकट हातात येतो. ऑफिसांतही हे पोचलंय. पुण्यातल्या एका कंपनीत माझ्या मित्राला पहिल्याच आठवड्यात चार प्राण्यांतला एक व्हायला सांगितलं: सिंह, ऑटर, बीव्हर किंवा गोल्डन रिट्रीव्हर. तो बीव्हर निघाला. बीव्हर म्हणजे काय हे त्याला शोधावं लागलं. तो ओढ्यावर लाकडं रचून धरण बांधतो म्हणे. आमच्याकडे त्यासाठी कंत्राटदार असतात.

तर देवमासा. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. आमच्याकडून समुद्राकडे नियमाने जातं ते कोयनेचं पाणी. धरणातून बोगद्याने सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे अरबी समुद्राला मिळतं. उलट दिशेने देवमाशाचं इकडे काही आलंच तर ते तस्करीतून. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारं अंबरग्रीस, ज्याला बातम्यांत 'देवमाशाची उलटी' म्हणतात, ते विकायला आणणारे पकडले गेल्याच्या बातम्या आपण सांगलीकडूनही वाचल्या आहेत. म्हणजे आमच्या भागात देवमासा दोनदाच येतो. एकदा कोटींच्या भावाने, एकदा माझ्या स्वभावाच्या रूपाने. दोन्ही वेळा मासा स्वतः गैरहजर.

(मासा म्हणायची सवय. तो सस्तन प्राणी आहे, पिल्लांना दूध पाजतो. पण भाषेने त्याला देवही केलंय आणि मासाही, आता कोण वाद घालणार.)

चाचणी म्हणते, देवमासा एकटा, दूरचा प्रवासी. आमच्याच समुद्रातला हंपबॅक घ्या. जगभरातले हंपबॅक दरवर्षी थंड ध्रुवीय पाण्यापासून उष्ण पाण्यापर्यंत हजारो किलोमीटर ये-जा करतात. अरबी समुद्रातले करत नाहीत. ते बारा महिने इथेच राहतात. त्यांची संख्या फार थोडी उरली आहे. म्हणजे 'देवमासा प्रवासी असतो' हे वाक्य आपल्या सगळ्यात जवळच्या देवमाशालाच लागू पडत नाही. आणि शांत? निळ्या देवमाशाच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा खोल बुडीत ते मिनिटाला दोनपर्यंत उतरले आणि वर आल्यावर 37 पर्यंत चढले. हा आकडा 2019 साली प्रसिद्ध झाला. एकाच जनावराच्या एकाच तासातल्या या दोन टोकांमधलं कुठलं टोक 'शांत स्वभाव' म्हणून माझ्या नावावर लावलं, हे मला विचारायचं होतं. विचारायची सोय नव्हती. फक्त शेअरची होती.

नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू लागलं. लोकांनी त्याच्या अंगावर पाणी ओतलं, यंत्रं आणली, बोटींनी ओढून खोल पाण्यात नेलं. ते परत किनाऱ्याला लागलं आणि मेलं. मी ते व्हिडिओ तेव्हा पाहिले होते. चाचणीचा निकाल वाचताना त्यांतलं काहीच आठवलं नाही, हे मला नंतर खटकलं. त्या बारा प्रश्नांची खुबीच ही आहे. देवमासा म्हटल्यावर देवमासा आठवू नये, आपण आठवावं.

आता तो दुसरा कागद. पत्रिका.

गुणमेलन तुम्ही ॲपवर तरी पाहिलं असेल. आठ कूटं, छत्तीस गुण. नाडीला 8, भकूटाला 7, गणाला 6, ग्रहमैत्रीला 5, योनीला 4, ताऱ्याला 3, वश्याला 2, वर्णाला 1. यातलं योनीकूट म्हणजे आपली अस्सल प्राणी-चाचणी. सत्तावीस नक्षत्रं चौदा प्राण्यांत वाटलेली: अश्व, गज, मेष, सर्प, श्वान, मार्जार, मूषक, गौ, महिष, व्याघ्र, मृग, वानर, नकुल, सिंह. त्यांची वैरं ठरलेली. गाय-वाघ, हत्ती-सिंह, घोडा-म्हैस, कुत्रा-हरीण, माकड-मेंढा, मांजर-उंदीर आणि साप-मुंगूस. वैरी जोडी आली की चारपैकी शून्य.

माझं नक्षत्र उत्तराषाढा. योनी नकुल. म्हणजे मी मुंगूस.

ती शिराळा तालुक्यातली. स्थळ रीतसर आलं होतं, दोन्ही घरांनी बघितलं, मग आम्ही तीनदा भेटलो. एकदा कराडच्या प्रीतिसंगमावर, जिथे कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन मिळतात. ती शेतीचं शिकलेली, मी भाषेचं. ती बोलायची, मी ऐकायचो. (देवमासा!) नागपंचमीला तिची आजी घरात चिरू-तळू देत नाही आणि शेतात कुदळ लावू देत नाही, हे तिने हसत सांगितलं. मी माझं गावचं सांगितलं की मुंगूस दिसलं की आम्ही पोरं त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला लावायचो. तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं की आम्ही पत्रिकेतल्या गोष्टी बोलतोय.

तिचं नक्षत्र मृग. योनी सर्प. गुण पंचविसाच्या वर जुळत होते, अठरा पुरतात. नाडी वेगळी, म्हणजे ज्याला सगळे घाबरतात ते भूत नव्हतं. पण बघणाऱ्याने योनीवर बोट ठेवलं आणि निरोप आला: साप-मुंगसाचं वैर आहे, पोरांचं पटायचं नाही. एवढंच. आईने फोन ठेवला आणि भांडी आवरायला गेली.

ते कोष्टक मी नंतर पुष्कळ वाचलं. रागाने सुरुवात केली, पण वाचता वाचता टीकाकाराची खाज सुटली. एक तर त्याची रचना बघा. मृग नक्षत्राचं नाव हरणाचं आहे आणि त्याला योनी दिली आहे सापाची. हरणाची योनी गेली अनुराधा आणि ज्येष्ठेला. म्हणजे कोष्टक स्वतःच्या नावांचंही ऐकत नाही. दुसरं, तेरा प्राण्यांना दोन-दोन नक्षत्रं आहेत, एक नर एक मादी. मुंगसाला एकच. त्याची जोडीदारीण अभिजित नक्षत्राकडे आहे आणि अभिजित सत्तावीसांत धरत नाहीत. थोडक्यात या कोष्टकात मुंगसाला मुंगूस कधीच मिळत नाही. सापडेल ते दुसरंच जनावर. हे कुणी मुद्दाम केलं नसेल. चौदा गुणिले दोन अठ्ठावीस होतात आणि हिशोबात एक कमी पडतं, कुणावर तरी येणारच होतं.

आणि मुंगूस? खरं मुंगूस दिवसभर किडे, सरडे, उंदीर, अंडी शोधत बांधाबांधाने फिरतं. नाग समोर आला तर लढू शकतं, कारण त्याच्या स्नायूंवरचे ग्राहक असे घडलेत की नागाचं विष तिथे नीट चिकटत नाही. चपळाईही आहेच. पण दोघांना रोज भिडवायचं काम गारुड्याने केलं, टोपली आणि दोरी घेऊन. ज्याला आपण वैर म्हणतो ती एकाची भूक आहे आणि दुसऱ्याची भीती. वैराला आठवण लागते, पिढ्या लागतात, निरोप्या लागतो. ते सगळं आमच्या दोन घरांत होतं, बांधावर नव्हतं.

तरीही प्रामाणिकपणाच्या स्पर्धेत मी पत्रिकेला चाचणीच्या वर ठेवेन. पत्रिका बिनदिक्कत सांगते की तू उंदीर आहेस, तू कुत्रा, तू म्हैस. कुणी खूश व्हावं म्हणून ती लिहिलेली नाही. आणि ती एकट्या माणसाचं वर्णन करत नाही, दोघांमध्ये काय होईल असं विचारते. प्रश्न बरोबर आहे. उत्तर शोधायची जागा चुकली. दोघं तीनदा भेटली होती, त्यांना विचारता आलं असतं.

पंचांगात प्राणी आणखी एका ठिकाणी येतात, आणि तिथे ते मला खरंच आवडतात. पावसाच्या नक्षत्रांची वाहनं. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊंनी भागायचं आणि उरलेल्या बाकीवरून वाहन: घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की माणूस निवांत. कोल्हा किंवा मेंढा आला की माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंत कपाळाला आठी. विज्ञान म्हणून याची किंमत शून्य आहे. पण इथे स्वभाव पावसाला दिलाय, आपल्याला नाही. आण्णा पेरणीआधी वाहन विचारतात आणि पेरणी मात्र ओल बघून, माती मुठीत दाबूनच करतात. कोष्टकाशी असं वागता येतं, हे लग्नाच्या वेळी त्यांना का सुचलं नाही, हा प्रश्न मी अजून त्यांना विचारलेला नाही.

आमची आडनावंही बघा. वाघ, लांडगे, कोल्हे, मोरे, घोरपडे. आणि डुकरे, गाढवे पण. निवड नाही, पळवाट नाही. गाढवे आडनावाच्या मुलाला शाळेत काय ऐकावं लागतं ते कुठल्या चाचणीने त्याला विचारलं नाही. घोरपडे म्हटलं की गडाच्या कड्यावर घोरपड चिकटवून दोर लावून चढल्याची कथा येते. तिच्यामागे येणारी खरी घोरपड मात्र रानात लपूनछपून मारली जाते, कायद्याने बंदी असूनही. आडनाव राखलं, जनावर नाही.

देवकाचं थोडं वेगळं आहे. जावळीच्या खोऱ्यातल्या मोऱ्यांचं उदाहरण देतात, मोराचं पीस हे देवक. कुणाचा कळंब, कुणाचा उंबर. लग्नात देवक बसवतात ते हेच. देवक असलेलं झाड तोडायचं नाही, प्राणी मारायचा नाही, आणि देवक एक असेल तर लग्न करायचं नाही, कारण ती भावंडं. म्हणजे सोयरिकी देवकानेही मोडल्या असतील, आणि देवकावरून घराण्याची उंची मोजणारे महाभाग आपण प्रत्येक लग्नात बघतोच. पण मजकूर म्हणून पाहिलं तर देवक मोरे मंडळींना 'तुम्ही देखणे आणि मानी आहात' असं कुठेही सांगत नाही. मोराशी काय करायचं नाही, एवढंच सांगतं. चाचणीत हे वाक्य कधी वाचलंय? तुम्ही देवमासा आहात, म्हणून आजपासून अमुक करू नका?

तिच्या तालुक्याचं गावही याच प्रश्नाशी झगडत आलंय. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग धरून आणायचे, पुजायचे, मिरवणूक काढायची. परंपरा गोरक्षनाथांपर्यंत नेतात. 1972 च्या वन्यजीव कायद्यावरून उच्च न्यायालयात प्रकरण गेलं, जिवंत नागांचे खेळ आणि मिरवणूक थांबली, प्रतिमेची पूजा सुरू झाली. गावात अजून हळहळ आहे, आणि मला ती समजते. ज्या माणसाने नाग हाताने धरलाय त्याला नाग माझ्यापेक्षा जास्त कळतो. आदेशही मला पटतो, कारण गर्दी, वाजंत्री आणि मडकं यांत नागाला पूजेतलं काही कळत नाही. दोन्ही बाजूंनी निदान खऱ्या नागाबद्दल भांडण होतं. एवढं तरी.

हे सगळं डोक्यात असताना मी व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' पुन्हा वाचलं. माडगूळकर माडगूळ्याचे. आज ते गाव सांगली जिल्ह्यात आटपाडी तालुक्यात आहे. त्यांचा जन्म 1927 चा, तेव्हा तिकडे औंध संस्थान होतं. नंतर 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे सातारकर आणि सांगलीकर दोघंही त्यांना आपलं म्हणतात आणि दोघांचंही खरं आहे.

'सत्तांतर' 1982 चं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी मिळालं. छोटी कादंबरी, एका बैठकीत होते. पात्रं सगळी वानरं. टोळ्या, त्यांचे मुलूख, एक हुप्प्या, माद्या, पिल्लं. बाहेरचा नर चालून येतो, म्हातारा होत चाललेला हुप्प्या हरतो, आणि नवा मालक टोळीतली अंगावरची पिल्लं मारतो. हे माडगूळकरांनी मनाने रचलेलं नाही. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी साठच्या दशकात धारवाडजवळच्या जंगलात हे प्रथम नोंदवलं. सारा हर्डी यांनी माउंट अबूच्या वानरांवर 1977 साली पुस्तक लिहिलं आणि मांडलं की हा वेडाचार नाही. पिल्लू गेलं की मादी लवकर पुन्हा माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची संतती मिळते. धारवाड इथून किती, सांगलीतून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला.

ही कादंबरी प्राण्यांवर लिहिणाऱ्या बहुतेक मराठी लेखनापेक्षा मला मोठी वाटते ती एका साध्या कारणाने. तिच्यात स्वभावाची विशेषणं जवळजवळ नाहीत. कुठलं वानर कुठे बसलंय, कोण कुणाच्या किती जवळ आहे, झाडाला काय लागलंय, कोणाची नजर कोणावर आहे, एवढंच समोर येत राहतं आणि त्यातून प्रत्येकाचं वेगळेपण आपल्याला कळतं. आपण चाचणीत आधी प्राणी होतो आणि मग तसं वागायला लागतो. इथे उलट आहे, आधी वागणं, मग ओळख. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, म्हणजे कोयना आणि चांदोलीच्या जंगलात, लपवलेल्या कॅमेऱ्यांनी वाघ ओळखतात तेही असंच. प्रत्येकाचे पट्टे वेगळे, म्हणून त्याला क्रमांक. कागदावर 'वाघ-स्वभाव' असा रकाना नसतो. हा वाघ, या तारखेला, या पाणवठ्यावर. आत्याच्या मुलाला हे सांगायला हवं.

पण माझं या कादंबरीशी एक भांडण आहे, आणि ते तिच्या नावाशी आहे. 'सत्तांतर' हा शब्द वर्तमानपत्राचा. 1977 ते 80 या काळात दिल्लीत तीनदा सरकार बदललं होतं, वाचकांनी लगेच ओळखलं आणि कादंबरी राजकारणाचं रूपक म्हणून वाचली गेली. आपल्याकडे 2022 आणि 2023 मध्ये पक्ष फुटले तेव्हाही तिचं मुखपृष्ठ मीम म्हणून फिरत होतं. माडगूळकरांनी वानरांना नावं दिली आहेत, ती मला चालतात. टोळीत बसून बघणारा माणूस नाव देणारच. पण शीर्षकाने त्यांनी वाचकाला एक सोपी वाट काढून दिली. वाचक वानर सोडून मंत्र्यांकडे गेला. हे चाचणीसारखंच झालं. देवमासा म्हणजे मी, वानर म्हणजे मुख्यमंत्री.

रूपकात सगळं बसतं. हुप्प्या, कट, हल्ला, नवा मालक. पिल्लं बसत नाहीत. विधानसभेत पिल्लं कोण? लोकशाही? मतदार? मी पाच-सहा लेखांत शोधलं, जो तो पिल्लांवरून घाईने पुढे जातो. आणि कादंबरीचा खरा भार तर तिथेच आहे. माडगूळकर तिथे रडत नाहीत, समजावतही नाहीत. मेलेलं पिल्लू आणि ते न सोडणारी आई, दोन्ही आपल्यासमोर ठेवून तो माणूस बाजूला होतो. मला वाटतं त्यांनी पुस्तकाला एखाद्या झाडाचं नाव दिलं असतं तर गेली चाळीस वर्षं आपण हे जास्त नीट वाचलं असतं. हे माझं मत, अकादमीने विचारलं नव्हतं.

तिचं लग्न झालं, कोल्हापूरकडे. तिच्या नवऱ्याची योनी मला माहीत नाही. माझ्या धाकट्या बहिणीची पत्रिका आता बाहेर काढली आहे. नक्षत्र विशाखा, म्हणजे वाघ. म्हणजे गायवाल्या दोन नक्षत्रांची स्थळं आपोआप बाद. मागच्या रविवारी आई पंचांग, वही आणि चष्मा घेऊन बसली होती. मी काही बोललो नाही. 'सत्तांतर' तिच्याजवळ ठेवलं आणि म्हटलं, पातळ आहे, वाच. आई सातवी शिकलेली, पण हातात पडेल ते वाचते, किराणाच्या पुड्यासुद्धा.

दोन दुपारी लागल्या तिला. तिसऱ्या दिवशी मी निघायच्या तयारीत होतो, डबा भरता भरता तिने विचारलं, "पिल्लं मारली त्यानं, आन् त्या बाया तिथंच ऱ्हायल्या?"

म्हटलं, "हो. वानरांत तसंच असतं. टोळी सोडून कुठं जाणार?"

ती थोडा वेळ डब्याच्या झाकणाशी झटापट करत राहिली. मग म्हणाली, "वैर बघत बसलो आमी. मानूस कसाय ते कुनी बघायचं?" आणि वहीत जी दोन स्थळं खोडली होती त्यांतल्या एकाचा नंबर मला फोनमध्ये सेव्ह करायला लावला. मुलगा विट्याला असतो. नक्षत्र उत्तरा भाद्रपदा.